सात विटांवरचं व्याख्यान

बुऱ्हाणपूरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका सभासदाचं व्याख्यान असतं. बाकीचे ऐकायला येतात, कारण पुढे कधीतरी त्यांचंही कुणीतरी ऐकायला हवं असतं. वर्षभराचे विषय जानेवारीतल्या बैठकीतच वाटले जातात. त्या बैठकीला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो, कारण कुकरची तिसरी शिट्टी होईना. घरात माझ्याशिवाय कुणी नसल्यामुळे शिट्ट्या मोजायचं काम दुसऱ्यावर सोपवून निघता येत नाही. मी पोचलो तोवर गुडघेदुखी गेली होती, मधुमेह गेला होता आणि गीतेचे अठरा अध्याय तिघांनी सहा-सहा करून उचलले होते.

"कडूजी, आपके लिए वसीयत बची है," अध्यक्ष यादवजी म्हणाले. ते एका हिंदी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. उरलेला विषयही ते बक्षीस दिल्यासारखा देतात. "मृत्युपत्र कैसे बनाएँ. मार्च में बोल दीजिए."

मी म्हटलं, मृत्युपत्र नको. माणूस एकटा राहतो म्हणून त्यानेच मृत्युपत्रावर बोलावं असं काही नाही. तर माझ्या शेजारी राहणारे कौतिकभाऊ मदतीला धावले. कौतिकभाऊंची डोईफोडियाला केळीची बाग आहे. बाग आता मुलगा बघतो, आणि त्यामुळे रिकामे झालेले कौतिकभाऊ मला बघतात.

"त्यांची पोरगी बंगलोरले हाये ना," ते सगळ्यांना म्हणाले. "पूनम. सदाशिवभाऊ, काय करते ओ ती तिकडे?"

"व्हिडिओ गेम बनवते."

"अजून?" कौतिकभाऊ म्हणाले.

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण बावीस माणसं हसली. यादवजीसुद्धा हसले, आणि हसताना त्यांनी चष्मा काढून पुसला. मी नेपानगरच्या कागद कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर्समध्ये काढली आहेत. माझ्या सहीशिवाय एक साधा वॉशर गोदामाबाहेर गेलेला नाही. अशा माणसाच्या मुलीवर कुणी हसलं की त्याच्या तोंडून काहीतरी मोठं बाहेर पडतं. माझ्या तोंडून पडलं ते असं:

"मार्चमध्ये मी बोलतो. विषय: जुना व्हिडिओ गेम जुना का होत नाही."

यादवजींनी रजिस्टरमध्ये लिहिलं. लिहिल्यावर खोडत नाहीत, असा मंडळाचा नियम आहे. तो नियम मीच सुचवला होता.

घरी येताना शनवाऱ्याच्या बाजारापाशी माझ्या लक्षात आलं की जुना व्हिडिओ गेम जुना का होत नाही हे मला माहीत नाही. खरं सांगायचं तर पूनम दिवसभर काय करते, हेही मला माहीत नव्हतं. आमचा फोन दर रविवारी संध्याकाळी सात वाजता होतो. मी विचारतो, जेवलीस का. ती विचारते, गोळी घेतली का. मग तिकडे पाऊस आहे का, इकडे ऊन आहे का, आणि चल ठेवते. माझी बायको सरस्वती होती तोवर फोन तिच्याकडे असायचा. मायलेकी तास-तास बोलायच्या आणि शेवटी सरस्वती "बाबांशी बोल" म्हणून फोन माझ्या हातात द्यायची, तोवर सगळं बोलून झालेलं असायचं. चार वर्षांपूर्वी सरस्वती गेली आणि फोन थेट माझ्या हातात आला. पण आमच्यात सुरुवात कुठून करायची याची सवयच नव्हती.

त्या रविवारी मी हिंमत करून विचारलं, "पूनम, एखादा गेम चांगला कशामुळे होतो?"

"बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग हे काय मधेच?"

"सहज."

"सांगते कधीतरी," ती म्हणाली. "आता एक कॉल आहे." आणि तिने ठेवला. माझ्या मनात आलं, बरं झालं. व्याख्यानाचं तिला कळूच द्यायचं नाही. त्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायचं आणि अख्खं पाठवून द्यायचं. बावीस माणसं तिच्या कामाबद्दल गंभीरपणे ऐकताहेत, हे तिला दिसलं पाहिजे.

तिचा जुना व्हिडिओ गेमचा सेट सरस्वतीच्या शिलाई मशीनमागच्या पेटीत होता. काळा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. तो आणला तेव्हा पूनम सातवीत होती. कॅसेटवर ९९९९ गेम असं छापलेलं होतं. स्टोअर्सचा माणूस छापील आकड्यावर विश्वास ठेवत नाही. मी त्या वेळी एका रविवारी बसून तपासणी केली होती आणि असं आढळलं की प्रत्यक्षात चारच गेम आहेत, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने येतात. दुकानदाराला मी लेखी कळवलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दोन वर्षांनी, नववीत पूनम गणितात नापास झाली, तेव्हा मी सेट या पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली कुठे ठेवली ते मी विसरलो होतो. कुलूप तोडावं लागलं.

चारांपैकी विटांचा गेम मला आठवत होता. वरून एकेक वीट पडते, ती फिरवून खालच्या थरात बसवायची. थर पूर्ण भरला की नाहीसा होतो, आणि ढीग वर टेकला की आपण हरलो. मी ठरवलं, यावरच बोलायचं. एक तर तो खरोखर जुना होता, आणि दुसरं म्हणजे बाकीच्या तिघांत गोळीबार होता. मंडळात हृदयविकाराचे सहा सभासद आहेत.

आता अडचण अशी की माझ्या भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला मागे जी भोकं आहेत, त्यांत या सेटच्या पिना बसेनात. कौतिकभाऊ मदतीला आले. त्यांनी टीव्ही भिंतीवरून उतरवायला लावला, मागून बघितला आणि म्हणाले, "याच्यात काई दम नई. पोट असलेला टीव्ही पाहिजे." मग टीव्ही परत भिंतीवर टांगताना एक खिळा निखळला, आणि तेव्हापासून माझ्या घरात बातम्या मान वाकडी करून बघाव्या लागतात.

पोट असलेला टीव्ही कौतिकभाऊंच्या मळ्यातल्या खोलीत होता. त्याच्यावर त्यांच्या सौभाग्यवती लोणच्याच्या बरण्या ठेवत असत. बरण्या कुठे ठेवायच्या यावरून त्यांच्या घरात तीन दिवस बोलणं चाललं. शेवटी टीव्ही केळीच्या गाडीत, घडांच्या मधोमध, खाली-वर केळीची पानं घालून बुऱ्हाणपूरला आला. मी आणि कौतिकभाऊंनी तो उचलून घरात घेतला. केळीचा चीक कपड्याला लागला की कापड फाटेपर्यंत जात नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र ते टीव्ही पोटाशी धरून आत आल्यावर आठवलं. व्याख्यानासाठी काढून ठेवलेला पांढरा बुशशर्ट मी माप बघायला म्हणून त्याच सकाळी अंगात घातला होता.

"रंग चांगला आलाय," कौतिकभाऊ म्हणाले.

सेट काही चालू होईना. शनवाऱ्यात ललितचं दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचा हा माणूस आयुष्यभर पॉवरलूमच्या मोटारी बांधत आला आहे. त्याने डबा उघडला नाही, हलवून बघितला नाही. फक्त विचारलं, "अंकल, फूंक मारी का?"

"कशात?"

"कॅसेटमध्ये. पहिले फूंक मारा ना."

चार गिऱ्हाइकांसमोर, त्या भर बाजारात, मी कॅसेट तोंडासमोर धरून फुंकर मारली. "अशी नई," ललित म्हणाला, "माऊथ ऑर्गन वाजवता ना, तशी." मी माऊथ ऑर्गनसारखी मारली. गिऱ्हाइकांपैकी एका बाईने, माझ्याच वयाची असावी, कॅसेट हातातून घेतली, दोनदा फुंकली, पदराने पुसली आणि परत दिली. "आमचा धाकटा असाच करायचा," ती म्हणाली आणि आपली मिक्सरची भांडी घेऊन गेली. कॅसेट चालू झाली. यामागचं शास्त्र ललितला माहीत नाही, मलाही नाही. व्याख्यानातून तो मुद्दा मी वगळला.

दुपारी जेवणाआधी पंधरा मिनिटं अभ्यास म्हणून खेळायला बसलो. पहिल्याच पडद्यावर खेळाडू "एक" की "दोन" असं विचारलं होतं. मी चुकून दोन दाबलं. पडद्याच्या मधोमध रेघ आली आणि दोन्हीकडे विटा पडायला लागल्या. डावीकडचा मी होतो. उजवीकडचा रिमोट माझ्या शेजारी चटईवर तसाच पडलेला होता. त्या बाजूला विटा येत होत्या आणि कुणी फिरवत नसल्यामुळे मधोमध एकावर एक बसत होत्या. सरळ, गप्प असा खांब वर चढत गेला आणि छताला टेकला. माझी बाजू तेव्हा चांगली चालली होती. तरी खेळ तिथेच थांबला आणि सेटने वाजवून सांगितलं की तुम्ही जिंकलात.

मी ते बटण पुन्हा दाबलं नाही. दुसरा रिमोट गुंडाळून पेटीत ठेवून दिला.

मग एकट्याचा खेळ लावला. आणि मला सांगायला संकोच वाटतो, पण मी जेवलो चार वाजता. सहा वाजता कौतिकभाऊ दार वाजवून गेले ते मला ऐकू आलं होतं. मी उठलो नाही, कारण उजव्या कोपऱ्यात एक उभी खाच राखून ठेवली होती आणि लांब वीट यायची बाकी होती. अशी वाट मी कित्येक वर्षांत कशाची पाहिली नव्हती. ती येत नाही, येत नाही, आणि आपण कंटाळून खाचेत भलतीच वीट टाकतो, की पुढचीच ती असते. त्यात गेमचा दोष नसतो. दोष आपला आहे हे समोर स्वच्छ दिसत असतं.

दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसलो. पहिला मुद्दा: हा गेम काही शिकवत नाही. पहिली वीट पडते आणि काय करायचं ते माणसाला कळतं. दुसरा मुद्दा मला माझ्या नोकरीतून सुचला. विटांचे आकार सातच आहेत. आमच्या गोदामात कागदाची रिळं तीन मापांची यायची, आणि तीन मापांत मी एकतीस वर्षं रचली, तरी दोन दिवस एकसारखे गेले नाहीत. सामान थोडं असलं की डोकं जास्त चालतं. आणि पोकळी. खाली एक पोकळी राहिली की वरचं सगळं तिच्यावर अडतं, हे मी कितीतरी हमालांना सांगून थकलो होतो. गेम न बोलता सांगतो. तिसरा मुद्दा असा की माणूस हरल्यावर लगेच परत खेळतो, कारण पुढच्या वेळी आपण जिंकू असं त्याला वाटतं. या तिसऱ्या मुद्द्यावर मी विशेष खूश होतो. अकरा पानं झाली. लिहिताना दोनदा पोटभर हसलो आणि हसल्यावर घरात इकडेतिकडे बघितलं.

मग परवानगी. मंडळाचं सभागृह सरकारी आहे. त्याची परवानगी ज्या कार्यालयातून मिळते त्याचं नाव मी घेत नाही, कारण मला तिथे परत जायचं आहे. खिडकीवर रंजिता मॅडम होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "वीडियो गेम? इसका फॉर्म अलग है. पार्लर का."

"पार्लर नाही, मॅडम. व्याख्यान आहे."

"गेम रहेगा कि नहीं रहेगा?"

"रहेगा."

"तो पार्लर." त्यांनी दुसरा फॉर्म सरकवला आणि स्वतःच भरायला घेतला. "स्कूल से कितने मीटर पर है? अठारह साल से कम के बच्चे आएँगे?"

"सर्वात लहान सभासद एकसष्ट वर्षांचे आहेत."

"तो 'नहीं' लिख रही हूँ. जुआ नहीं होगा, ये आप अलग से लिख दीजिए." मी लिहून दिलं की कोणत्याही प्रकारचा जुगार होणार नाही. यादवजींकडून तशीच एक चिठ्ठी आणायला सांगितली. यादवजींनी मुख्याध्यापक म्हणून आयुष्यात कधी जुगार हा शब्द लिहिला नव्हता, तो त्यांनी माझ्यामुळे लिहिला, आणि मला तसं तीनदा सांगितलं.

आठवड्याने परवानगी छापून आली. वर नाव होतं: श्री सदाशिव कद्दू.

"मॅडम, माझं आडनाव कडू आहे. कद्दू म्हणजे भोपळा."

"मुझे मालूम है कद्दू क्या होता है," रंजिता मॅडम म्हणाल्या. "सिस्टम में चढ़ गया है. अब शपथपत्र लगेगा."

वकिलाकडे जाऊन मी शपथेवर लिहून दिलं की सदाशिव कडू आणि सदाशिव कद्दू या दोन भिन्न व्यक्ती नसून एकच व्यक्ती आहे. वकिलाने विचारलं, साक्षीदार म्हणून घरातलं कुणी? मी म्हटलं, घरात कुणी नाही. तर कौतिकभाऊंनी सही केली. सही करताना म्हणाले, "मी तुमाले दोन्ही नावांनी वळखतो." तो कागद मी कार्यालयात नेऊन दिला. तो लावून घेतला, पण छापलेली परवानगी बदलली नाही.

मार्चचा दुसरा रविवार उजाडला. केळीच्या चिकाचा डाग झाकायला मी बुशशर्टावर जाकीट घातलं होतं. संध्याकाळी पाचलाही छत्तीस डिग्री होती. सभागृह सांभाळणाऱ्या मालूबाईंनी खुर्च्या मांडल्या, टीव्ही माझ्या शेजारी टेबलावर ठेवला. दराबा ही आमच्याकडची मिठाई आणली होती, त्यामुळे हजेरी पूर्ण होती. मी मोबाइल कौतिकभाऊंच्या हातात दिला आणि लाल बटण दाखवलं. "हलवू नका. शेवटपर्यंत धरा."

"बिनधास्त राहा," ते म्हणाले.

यादवजींनी परवानगीचा कागद बघून ओळख करून दिली, "हमारे वरिष्ठ सदस्य, श्री कद्दूजी." मी माइकसमोर उभा राहिलो आणि पहिलं पान वाचलं. लोक शांत बसले होते. दोघे झोपले होते, पण ते गीतेच्या वेळीही झोपतात. पहिल्या मुद्द्याशी आलो तेव्हा म्हटलं, आता फक्त एक मिनिट प्रात्यक्षिक बघू, आणि मी रिमोट यादवजींच्या हातात दिला. वीट पडली. यादवजींनी ती उलटीकडे नेली. सगळे हसले. दुसरी पडली. "अरे, घुमाइए, घुमाइए," मागून कुणीतरी म्हणालं. झोपलेल्यांपैकी एक जागा झाला. यादवजी चाळीस सेकंदांत हरले. रिमोट पुढच्याकडे गेला, तिथून त्याच्या पुढच्याकडे. कुणालाही काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

मी माझ्या मुद्द्याला मिळालेली ही पुष्टी माइकवरून लक्षात आणून दिली. ती कुणाच्या लक्षात आली नाही.

तेवढ्यात मालूबाई पाण्याचे ग्लास घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. "ती इकडं बसवा ना, आडवी," त्या म्हणाल्या. "आवं, तिकडं भोक राह्यलं." कुणीतरी रिमोट त्यांच्याकडे दिला. मालूबाई गेली अकरा वर्षं या सभागृहात दीडशे खुर्च्या रोज मांडतात आणि रोज रचतात. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदर खोचला आणि खेळायला सुरुवात केली. थरांमागून थर जायला लागले. खुर्च्या पुढे सरकल्या. मग माणसं खुर्च्या सोडून टीव्हीभोवती उभी राहिली. बघता बघता माझ्यासमोर बावीस पाठी होत्या.

मी चौथं पान वाचलं. गोदामातल्या रिळांचा भाग, ज्यावर मी घरी हसलो होतो, तो मी त्या पाठींना वाचून दाखवला. एका पाठीने मान वळवली. कौतिकभाऊ होते.

"सदाशिवभाऊ," ते म्हणाले, "जरा माइक बंद करा ना. खेळता ई नई राह्यलं."

मी माइक बंद केला. पानं नीट जुळवून घडी घातली आणि पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसलो. तिथून टीव्ही दिसत नव्हता. ओरडा होत होता, हसू होत होतं, मालूबाईंना कुणीतरी दराबा भरवत होतं. मी काय करावं ते मला सुचेना. त्यांना हाक मारावी असंही वाटलं नाही, कारण माझं म्हणणं ते सगळे मिळून खरं करत होते. त्यासाठी माझी गरज नव्हती, एवढंच.

सव्वासहाला मालूबाईंनीच आवरतं घेतलं. यादवजींनी आभार मानले. "कद्दूजी का व्याख्यान बहुत ही रोचक रहा," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. टीव्ही आणि सेट पुढच्या रविवारीही लागेल म्हणून तिथेच ठेवून घ्यायचा ठराव झाला. विरोधात कुणी नव्हतं. मी कौतिकभाऊंकडून मोबाइल घेतला आणि घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला माझा आवाज होता आणि चित्रात कौतिकभाऊंचा अंगठा. नंतर अंगठा निघाला आणि पुढे सगळा वेळ मालूबाईंचा हात दिसत होता. पाठवण्यासारखं त्यात माझं काही नव्हतं.

सात वाजले. टेबलावरची टीव्हीची जागा रिकामी होती. मी पूनमला फोन लावला.

"जेवलात?" तिने विचारलं.

"नाही अजून. आज माझं व्याख्यान होतं."

"तुमचं? कशावर?"

"तुझ्यावर," मी म्हणालो. मग दुरुस्त केलं, "तुझ्या कामावर. विटांचा तो गेम घेतला होता. लोकांना कळावं म्हणून, तू काय करतेस ते."

फोन कट झाला असं वाटून मी कानापासून काढून बघितला.

"बाबा," ती म्हणाली, "मी ते काम आता करत नाही. नोव्हेंबरात त्यांनी आमची अख्खी टीम काढून टाकली."

"म्हणजे चार महिने झाले."

"हो."

"मग तू दिवसभर काय करतेस?"

"शोधते. इंटरव्ह्यू देते. घरी बसते."

"सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारता, जेवलीस का. मी सांगते, जेवले." तिच्या आवाजात राग नव्हता. "जेवले नसले तरी सांगते."

माझ्या मनात खूप प्रश्न आले. पैशाचं काय, भाड्याचं काय, पुढे काय, आधीच दुसरं बघून का नाही ठेवलं. एकतीस वर्षं माल कमी पडला की मी हेच प्रश्न विचारत आलो. ते सगळे जिभेवर आले, पण कसे कोण जाणे, तिथेच थांबले.

"काय बोललात व्याख्यानात?" तिने विचारलं.

"कुणी ऐकलं नाही. सगळे खेळत बसले."

ती हसली. "मग वाचा. मी ऐकते."

"अकरा पानं आहेत."

"मला कुठे जायचंय?"

मी जाकीट काढलं, दिवा लावला आणि वाचायला घेतलं. शिकवावं लागत नाही, तिथे ती "बरोबर" म्हणाली. रिळांपाशी ती हसली, मी ज्या ठिकाणी हसलो होतो त्याच ठिकाणी, आणि परत वाचायला लावलं. पोकळीवर तिने मला थांबवून दोन प्रश्न विचारले. रिळं उभी ठेवायची की आडवी, आणि कुठलं आधी आणायचं ते कोण ठरवायचं. इतक्या वर्षांत माझ्या नोकरीबद्दल मला कुणी प्रश्न विचारला नव्हता. मी सविस्तर सांगितलं. मग तिसऱ्या मुद्द्याशी आलो. माणूस हरल्यावर परत खेळतो, कारण पुढच्या वेळी आपण जिंकू असं त्याला वाटतं.

"हा चुकला," पूनम म्हणाली.

"काय चुकला? हाच तर मुख्य आहे."

"एकट्याने खेळला तर तो गेम कुणी जिंकतच नाही, बाबा. त्याला शेवटच नाही. विटा येतच राहतात, वेग वाढतच जातो, प्रत्येक जण हरतो. आणि ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं."

"मग परत का खेळतात?"

ती विचार करत होती. तिच्या मागे कुठेतरी कपडे धुण्याच्या मशीनचा आवाज होता. तिच्या घरात असं मशीन आहे हेही मला त्या क्षणी कळलं.

"आम्ही यावर महिना-महिना भांडायचो ऑफिसात," ती म्हणाली. "मला वाटतं, हरल्यावर तो तुम्हाला काही बोलत नाही म्हणून. नवे गेम खूप बोलतात. तुम्ही अमक्याच्या मागे राहिलात, हे विकत घ्या, ते बघा, उद्या परत या. तो काही म्हणत नाही. पडदा पुसतो आणि पहिली वीट टाकतो."

मी शेवटचं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहून घ्यायला लागलो. पेन नीट चालत नव्हतं. लिहून झाल्यावर ते एकदा मनात वाचलं.

"बाबा? आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "ऐकतोय. पुढचं सांग."